निळ्या डागाखालची ओळ

सिंदी (रेल्वे), ६ जानेवारी १९५७

खस्सऽ! लाकडाच्या खाचेतून पातळ काळी पट्टी वर ओढल्याचा तो आवाज. सन नऊ साली, धाकट्या बहिणीच्या, सुमतीच्या लग्नात, मी तो पहिल्यांदा ऐकला. नवरदेवच फोटोग्राफर. लग्न लागल्यावर लक्ष्मणराव मुंडावळ्यांसकट काळ्या कापडाखाली शिरले आणि सगळं वऱ्हाड श्वास धरून उभं राहिलं. खस्सऽ. मग त्यांनी मोठ्याने आठ आकडे मोजले, पुन्हा खस्सऽ, आणि आमची आई रडू लागली. तिला वाटलं, आपल्या सगळ्यांतलं काहीतरी त्या पेटीत गेलं.

आज अठ्ठेचाळीस वर्षांनी ती पेटी माझ्या टेबलावर आहे. लक्ष्मणराव गेल्यावर सुमती माझ्याकडे राहायला आली तेव्हा भांड्यांबरोबर कॅमेराही आला, आणि दहा वर्षं कोठीत लोणच्याच्या बरण्यांमागे पडून राहिला.

काल अच्युत नागपूरहून आला. त्याच्या शेतकी प्रयोगशाळेत संत्र्याच्या रोगाचे फोटो काढायला खास काचेच्या प्लेटी मागवल्या होत्या. त्यांची मुदत टळली म्हणून साहेब टाकून देत होते. चिरंजीवांनी त्यातल्या डझनभर आणि एक गडद लाल काच बापासाठी उचलून आणली. म्हणतो, "बाबा, या प्लेटला तांबड्याच्याही पलीकडचा प्रकाश दिसतो. इन्फ्रारेड."

"मराठीत?"

"अवरक्त म्हणतात. आपल्या डोळ्याला तो दिसत नाही."

मी म्हटलं, दिसत नाही त्याला प्रकाश कसं म्हणायचं? तर हसून म्हणतो, "तीस वर्षं मुलांना कविता शिकवल्या त्या कशाच्या जोरावर?"

मी ती लाल काच डोळ्याला लावून अंगणाकडे पाहिलं.

९ जानेवारी

दोन प्लेटी वाया गेल्या. दोन्हींवर नुसतं काळं धुकं. कोठीचं दार लावून, फटीत चिंध्या कोंबून, मी अंधारात डेव्हलपर हलवत बसलो होतो. बाहेरून सुमती, "दादा, माझ्या लोणच्यात काय विष कालवून राहिला आहेस? लिंबाचं लोणचं वर्षभर पुरायचं आहे, आठवण ठेव."

दहा उरल्या. काय चुकतं ते कळत नाही.

१२ जानेवारी

अच्युतचं कार्ड आलं. चूक माझी नाही, पट्टीची आहे. ती काळी पट्टी साध्या उजेडाला अडवते, पण या पलीकडच्या प्रकाशाला ती अडवतच नाही. त्याच्या लेखी ती काचेसारखी. उपाय लिहिला आहे: चहाच्या खोक्यातला चंदेरी पत्रा पट्टीला डकवा.

जे अठ्ठेचाळीस वर्षं मी काळं समजत होतो ते आरपार आहे. विचित्र वाटतं.

१४ जानेवारी, संक्रांत

जमलं! स्टेशनामागचा कडुलिंब काढला. पाहतो तर झाड पांढरंशुभ्र, पान न् पान जणू मोगऱ्याचं. आकाश शाईसारखं काळं. भर दुपारची वेळ आणि फोटोत पौर्णिमा. आमच्या जुन्या चौथीच्या पुस्तकात एक नदीची कविता होती, तिच्यातलं रान मी वर्गाला डोळे मिटून दाखवत असे. ते रान हुबेहूब असंच होतं. मुलं डोळे मिटून बसायची. आणि प्रेमदास, तो तर बाहेरच्या ओट्यावर बसूनही डोळे मिटायचा. त्या मुलाला वारा फार आवडे. नेहमी बाहेर, खिडकीपाशी. मी खिडकीतून त्याच्याकडे पाहून कविता म्हणत असे. गोड गळा.

सुमतीने तिळगूळ हातावर ठेवला आणि फोटो पाहून म्हणाली, "झाडाला कोड फुटलं."

२० जानेवारी

बंडोपंत आले होते. सालईच्या शाळेत माझ्या हाताखाली लागले, आता तिथेच हेडमास्तर आहेत. रोज सिंदीहून सायकलने जातात. मी त्यांचा फोटो काढला, काळ्या टोपीत, काळ्या कोटात. कागदावरची छाप पाहून बसलेच खाली. टोपी पांढरी, कोट पांढरा! माणूस जणू मिठात बुडवून काढलेला.

"नरहरपंत, हे काय करून राहिले? बायको म्हणेल टोपी विकली."

अच्युतने लिहिलं होतं की कपड्याचा रंग या प्लेटला दिसतही नाही कधीकधी. पण बंडोपंतांना पटलं नाही. "तुमचं यंत्र खोटं बोलते," म्हणाले.

मलाही नक्की सांगता आलं नाही. कारण काल ताराचंदशेटच्या बागेतली संत्र्याची झाडं काढली. पाच झाडं लख्ख पांढरी आली आणि विहिरीकडचं एक मळकट. डोळ्याला सहाही हिरवीगार. ताराचंद म्हणाला, "मास्तर, ते तर माझं सगळ्यात जास्त फळ देणारं झाड आहे." अच्युत म्हणतो आजारी झाड असं मळकट येतं. मी ताराचंदला सांगितलं, प्लेट जुनी आहे, मनावर घेऊ नका.

३ फेब्रुवारी

आज दुपारी अंगणाच्या फाटकापाशी एक उंच तरुण उभा. "जयभीम, गुरुजी."

मी रामराम म्हणणार होतो, जीभ अडली. नमस्कार म्हटलं. मग ओळखलं. प्रेमदास! पंधरा-सोळा वर्षांनी. कालच त्याची आठवण काढली होती म्हणालो. काल नव्हती काढली, संक्रांतीला काढली होती, पण तोंडातून तसं आलं.

स्टेशनवर तीन वर्षं बदली कामगार आहे. आता पॉइंटमनच्या, रुळांचे सांधे बदलणाऱ्याच्या, कायम जागेवर घेतायत. अट एकच: एक जानेवारीला वय पंचवीसच्या आत पाहिजे.

"मग अडचण काय?" मी विचारलं.

"शाळेतून दाखला भेटत नाई. रजिस्टरात माया नावावर शाई सांडली हाय. बंडोपंत सर म्हनतेत, तारीख दिसत नाई तं लिहू कशी? इकडं रेल्वेच्या डाक्टरनं दात पाह्यले, बैलाचे पाह्यतेत तसे, अन् वय लिवलं तीस."

"तीस! अरे, तू माझ्या हातात सहा वर्षांचा आला होतास."

"तुमाले आठवते, गुरुजी. पन कागदाले आठवलं पाह्यजे."

एकतीस मार्चपर्यंत दाखला दिला नाही तर जागा दुसऱ्याला. मी त्याला ओट्याची आठवण करून दिली, तो वारा, ती खिडकी. त्याने फाटकाची कडी चाचपली. मग म्हणाला, "हो गुरुजी. वारा लय होता तिथं."

जाताना तो फाटकाच्या आत आलाच नव्हता हे माझ्या लक्षात आलं. या या म्हणायचं राहूनच गेलं.

४ फेब्रुवारी

सालईला जाऊन आलो. दाखल रजिस्टर सन अडतीस. पान पाहिलं आणि जीव हळहळला. प्रेमदासची पूर्ण ओळ, नावापासून शेऱ्यापर्यंत, निळ्या शाईत बुडालेली. शाळेची गोळीची निळी शाई. बंडोपंत म्हणाले, "कोणा पोराचा धक्का लागला असेल." आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

ती ओळ माझ्या हातची होती यात शंका नाही. मी शाळेची गोळीची शाई कधी वापरली नाही. बाभळीचा डिंक आणि दिव्याचं काजळ खलून माझी शाई मी घरी करत असे. सगळे हसत. शाळा तपासायला आलेले डिप्टीसाहेब एकदा म्हणाले होते, मास्तर, तुमचं अक्षर शंभर वर्षं टिकेल.

पाहा, आणि कुणाच्या कोपराने ते झाकून टाकलं.

१० फेब्रुवारी

अच्युतला सगळं लिहिलं होतं. त्याचं उत्तर वाचून उडालोच! लिहितो: "बाबा, गोळीची शाई म्हणजे नुसता रंग. बंडोपंतांच्या टोपीचं झालं तेच तिचं होईल, प्लेटला ती दिसणारच नाही. पण काजळ म्हणजे कोळसा. तो काळाच राहतो. तुमची ओळ डागाखालून वाचता येईल."

म्हणजे माझी काजळाची शाई, जिला सगळे हसले, तीच त्या मुलाला नोकरी देणार. मी सुमतीला दोनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, "एकदाच पुरे. आणि आधी काम कर, मग कविता कर."

१७ फेब्रुवारी, रविवार

शाळेला सुट्टी. बंडोपंत नाही म्हणत होते, मग रजिस्टर घेऊन व्हरांड्यात आले. पान उन्हात उभं केलं, चाप लावले. पलीकडचा प्रकाश भिंगातून जरा वेगळ्या ठिकाणी गोळा होतो, म्हणून नेम साधल्यावर भिंग जोंधळ्याच्या दोन दाण्यांएवढं पुढे ओढायचं. तसं केलं. चाळीस मोजले. दुसऱ्या प्लेटला साठ.

प्रेमदास ड्यूटी संपवून धावत आला होता. तो ओट्यावर उभा राहून पाहत होता. बंडोपंत सारखे म्हणत होते, "नरहरपंत, तारीखच निघाली पाहिजे फक्त. बाकीचं काही नाही निघालं तरी चालते."

बाकीचं काय असणार?

१८ फेब्रुवारी

कोठीतून प्लेटी घेऊन बाहेर आलो. पहिली प्लेट उत्तम. उन्हात कागदावर छाप उतरवली. डाग गेला! नुसता गेला नाही, जणू कधी पडलाच नव्हता. गंमत म्हणजे बंडोपंतांनी गोळीच्या शाईने भरलेल्या खालच्या चार ओळीही गेल्या, तिथे कोरा कागद. पानावर फक्त माझं अक्षर.

प्रेमदास बाबाराव. जन्मतारीख १२ ऑगस्ट १९३२.

चोवीस वर्षं! मी ओरडलोच. सुमती पोळपाट टाकून आली.

मग तिनेच बोट ठेवलं. "आणि हे इथे काय लिहिलं आहे?"

शेऱ्याचा रकाना: ९ सप्टेंबर १९४१. वर्तणूक वाईट. वर्गात घुसून माठातले पाणी घेतले. नाव कमी केले.

हे मी लिहिलेलं नाही.

१९ फेब्रुवारी

मी लिहिलेलं नाही. बंडोपंतांनी लिहिलं असेल. त्या वर्षी ते माझ्या हाताखाली होतेच. माझ्यासारखं वळण काढायची त्यांना हौस होती.

पण बंडोपंतांची शाई प्लेटला दिसत नाही. त्यांच्या चार ओळी गेल्या. ही राहिली.

कुणी माझी दौत घेतली असेल.

किंवा प्लेट जुनी आहे. दोन अक्षरं एकमेकांत मिसळली असतील. प्लेटची मुदत टळलेली, हे विसरून चालणार नाही.

९ सप्टेंबर ४१ मला चांगला आठवतो, म्हणजे तो महिना आठवतो. श्रावण-भाद्रपदातलं धुतलेलं ऊन, नदीची कविता, सगळा वर्ग एका सुरात. कविता आठवते. माठ आठवत नाही.

२२ फेब्रुवारी

ताराचंदचा माणूस सांगत आला. विहिरीकडचं झाड आठ दिवसांत शेंड्यापासून वाळलं.

२४ फेब्रुवारी

बंडोपंतांकडे गेलो. छाप समोर ठेवली आणि सरळ विचारलं, हा शेरा तुमचा का?

त्यांनी चहा मागवला. मग म्हणाले, "अक्षर कोणाचं ते तुम्हाला मी सांगू?"

"मग डाग? डाग कोणी पाडला?"

"ते नका विचारू."

"काऊन?" रागात माझ्या तोंडून असंच निघालं.

"कारण दौत माझी होती अन् हात तुमचा." आणि थांबले नाहीत. "अठ्ठेचाळीस साल. नवं सरकार, नवे डिप्टी, शेरे तपासणार अशी बातमी. तुम्ही म्हणालात, बंडू, तुझी निळी दे. माझी पडली तर मुद्दाम पाडल्यासारखी दिसेल, पोरं निळीच सांडतात. मी दारात उभा होतो, नरहरपंत. मी काही बोललो नाही, ते माझं पाप. पण इतकी वर्षं मला वाटलं, तुम्ही विसरल्याचं सोंग करता. आज पाहून राहिलो, तुम्ही खरंच विसरले."

मी म्हटलं, मला आठवत नाही.

"तुम्हाला कविता आठवतात," ते म्हणाले. चहा गार झाला.

घरी कसा आलो कळलं नाही. फाटकापाशी बराच वेळ उभा होतो.

२ मार्च

सुमतीचा सल्ला: "शेऱ्याचा रकाना काप. तारखेशी काम आहे ना? कात्री देऊ?"

आणि ते खरंच आहे. 'वर्तणूक वाईट' वाचून रेल्वे त्याला घेईल का? कापण्यात त्याचंच भलं. माझंही आहे, पण आधी त्याचं. मी हे दोनदा मनाशी म्हटलं, क्रम तोच ठेवून.

रकाना कापला. बंडोपंतांनी सही केली, शिक्का मारला. प्रेमदास आला, तारीख पाहून त्याचा चेहरा असा उजळला, की मी खिडकीकडे पाहिलं. म्हणाला, "गुरुजी, तुमच्या शाईनं वाचवलं." सुमती आतून काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा फार वाईट.

आज मात्र त्याला आत बोलावलं. खुर्ची दिली. तो खुर्चीच्या कडेवर बसला.

७ मार्च

कागद परत. रेल्वेच्या कारकुनाने विचारलं, अर्धं पान कशाला? पूर्ण पानाची नक्कल आणा, नाहीतर डॉक्टरांचं वय धरू. प्रेमदास सांगत होता, "गुरुजी, पूर्ण पान द्या ना. प्लेट हाय तं तुमच्यापाशी."

मी म्हटलं, देतो. परवा ये.

काय करू? दुसरी छाप काढून शेऱ्यावर शाई लावावी? एकदा लावली होती म्हणतात. प्लेट फुटली असं सांगावं? मग त्याची जागा गेली. पूर्ण पान दिलं तर शेरा त्याची जागा खाणार. कुठूनही गेलं तरी त्या ओळीपाशी येतो. आणि ती ओळ लिहिणारा माणूस कोण, ते मला आठवत नाही. मी त्याला शोधतो, तर प्रत्येक वेळी वर्गात कविता म्हणणारा मीच सापडतो.

९ मार्च

दिली. पूर्ण छाप त्याच्या हातात दिली.

तो उभ्यानेच वाचत होता. ओठ हलत होते. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"गुरुजी, घुसलो नवतो."

त्याने शेऱ्यावर बोट ठेवलं.

"पाऊस आलता. ओट्यावर पानी पानी झालतं. तुमीच म्हनलं, आत ये, भिजशीन, नदीची कविता म्हनून दाखव. मी म्हनली. सगळी. तुमी शाबास म्हनलं. मंग तहान लागलती, माठ बाजूलेच होता. पानी घेतलं ते खरं. कोनी हटकलं नाई, तं मले वाटलं का आत बोलावलं म्हंजे पानी बी भेटते."

"मग?"

"मंग सांजच्याले गावातले चार लोक तुमच्याकडे आलते. दुसऱ्या दिवशी तुमी फाटकातूनच म्हनलं, घरी जा."

मी म्हटलं, "प्रेमदास, मला हे आठवत नाही रे." आणि ते खरं होतं, आणि ते म्हणताना मला माझीच लाज वाटली, कारण ते खरं असून काही उपयोगाचं नव्हतं.

तो म्हणाला, "मायले मी सांगतलं, शाळा मीच सोडली. तुमचं नाव कायले घेऊ? तिनं मले चुलीतल्या लाकडानं मारलं. म्हने, मास्तर एवढे जीव लावतेत अन् तू अवदसा. आजवर तेच धरून हाय ती. तिले नका सांगू."

छाप त्याने घडी न करता शर्टाच्या आत ठेवली. जाताना जयभीम म्हणाला नाही. मीच म्हटलं, दार लागल्यावर.

११ मार्च

अच्युतला विचारलं होतं, वकिलालाही विचारलं. शेरा खोटा असल्याचं लिहिणाऱ्यानेच शपथेवर लिहून दिलं, तर चालतं.

पहिला मसुदा तीन पानं झाला. चांगला झाला होता. त्या काळची चालरीत, गावाचा दाब, मास्तराची बारा रुपये पगाराची नोकरी, पावसाचं वर्णनही आलं होतं. सुमतीने वाचला.

"दादा, तीन पानांत 'मी' कुठे आहे?"

"हा काय, पहिल्याच ओळीत."

"तो निवृत्त शिक्षक आहे. लिहिणारा कुठे आहे?" आणि उठून चुलीकडे गेली. तिकडून म्हणाली, "मी हे लिहिलं असतं तर कधीच झोपले नसते. तू छान घोरतोस."

१२ मार्च

वर्ध्याला जाऊन शपथेवर सही केली, आणि तो कागद दुसऱ्या पूर्ण छापेसह रेल्वेच्या कारकुनाकडे दिला. मजकूर एवढाच राहिला:

"सोबतच्या पानावरील ९ सप्टेंबर १९४१ चा शेरा माझ्या हातचा आहे व तो खोटा आहे. मुलाला वर्गात मीच बोलावले होते. त्याची वर्तणूक उत्तम होती. पुढे त्या ओळीवर शाई मीच सांडली."

शेवटचं वाक्य लिहिताना थांबलो होतो. न आठवणारी गोष्ट शपथेवर कशी लिहायची? कारकून म्हणाला, मास्तर, लवकर करा, मागे रांग आहे. लिहिलं. लिहून झाल्यावरही आठवलं नाही. वाटलं होतं आठवेल.

१६ मार्च

बंडोपंत दोन दिवस बोलत नाहीत. गावात बातमी पसरली. भाजीवाल्यापाशी दोघं माझ्याकडे पाहून गप्प झाले. एकजण म्हणाला, "मास्तर, जुनं उकरून काय भेटलं?" मी म्हटलं, तारीख भेटली. तो हसला. मी विनोद केला नव्हता.

२१ मार्च

पोस्टमन नत्थूने सांगितलं: प्रेमदासची ऑर्डर आली. एक तारखेपासून पॉइंटमन. नत्थू म्हणाला, "साऱ्या स्टेशनले जिलबी वाटली त्यानं." मग माझं तोंड पाहून, "तुमची राहिली असंल, येईल तो."

मी दिवसभर अंगणात खुर्ची टाकून बसलो. सुमती म्हणाली, "कशाला येईल तो?"

"सांगायला."

"कोणाला सांगायला?"

मला राग आला. मग कळेना राग कशाचा.

२४ मार्च, रविवार, दुपार

एक प्लेट उरली आहे. सकाळी ठरवलं होतं, ती सालईच्या ओट्यावर खर्च करावी. खिडकी, ओटा, जमलं तर मागचं रान. पेटी बांधत होतो.

कडी वाजली. मला वाटलं प्रेमदास. धोतर सावरून, वाक्य मनात जुळवून दार उघडलं.

एक म्हातारी. डोईवर पदर, हातात काठी, पाय धुळीने भरलेले. सालईहून चालत आलेली. अंगणाच्या फाटकापाशी थांबली नव्हती. सरळ घराच्या दाराशी आली होती.

"मी जिजाबाई. प्रेमदासची माय."

मी या म्हटलं की नाही ते आठवत नाही. तिने पदराआडून एक कापड सोडलं. आत छाप. घडी न पडलेली.

"पोराले नोकरी लागली. गोड केलं घरी. पन तो जेवला नाई. हा कागद काढून पाहत बसते. मी म्हनलं, काय हाय त्यात? तं म्हनते, नोकरीचा कागद हाय माय, ठेव. नोकरीच्या कागदानं कोनाची भूक मरते का, मास्तर?"

मी धोतर पुन्हा सावरलं.

"साऱ्याईले इचारलं, कोनी वाचून दाखवत नाई. बंडोपंताकडे गेलती. त्यानं कागद पाह्यला, अन् म्हने, बाई, हे ज्याचं अक्षर त्याच्याकडूनच वाचून घ्या. तुमचं हाय म्हने." तिने काठी भिंतीला टेकवली आणि छाप दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. "तुमी लय साजरं वाचता म्हनत होता माया पोरगा. वाचा. सगळं वाचा."

चष्मा आणतो म्हणून आत आलो आहे आणि हे लिहितो आहे. सुमती दाराकडे गेली, तिने पाट टाकल्याचा आवाज आला. म्हातारी बसली नाही. उभीच आहे, सावली इथपर्यंत दिसते.

चष्मा नाकावरच आहे.